कोरड्या गळ्याची धवलारीण

ट्रकच्या चाकातली जुनी ट्यूब दारूने भरून पोटावर बांधली आणि वरून लुगडं नेसलं, की बाई सात महिन्यांची दिसते. नाक्यावरचा पोलीस अशा बाईला उठून बसायला जागा देतो.

*

खोकल्याच्या औषधाची बाटली तांदळाच्या डब्यात उभी ठेवली तर टोपण वर येतं. आडवी ठेवावी लागते, आणि वरचे तांदूळ रोज हाताने सारखे करावे लागतात. घरात कुणालाही खोकला नसतो.

*

लग्नाचं बोलावणं आधी मेलेल्यांना जातं, मग जिवंतांना.

*

निवटीच्या बिळाला दोन तोंडं असतात. एकावर टाच दाबून उभं राहायचं आणि दुसऱ्यात हात घालायचा. मासा हातात येतोच, कारण त्याला जायला तिसरी वाट नसते.

*

कोपरीतल्या एका शाळेचा चौथीचा वर्ग. फळ्यावर अर्धवट पुसलेला भागाकार. चिमुकल्या बाकांवर मोठाले पुरुष गुडघे छातीशी घेऊन बसलेले. त्यांतला एक रडतोय आणि बाकीचे त्याच्याकडे न बघता चहा ढवळतायत.

*

"बाप्या पितो तं दमलेला असतं म्हनून," सखुबाई म्हणाली. "बाईने कशाला प्यावी?" एवढं विचारून तिने हातातला पेला रिकामा केला आणि पदराने तोंड पुसलं.

*

या सगळ्यातून चंद्रभागा गेली होती. गाव तिला भागाबाय म्हणायचं. डोंबिवलीच्या खालच्या अंगाला, खाजणं आणि तिवरांच्या मधे, खाडीला चिकटून तिचं गाव. आणि ती गावची धवलारीण. ज्यांच्याकडे हे नाही त्यांच्यासाठी सांगायचं, तर आगरी-कोळ्यांच्या लग्नाला पुढे भट येतो, बँड येतो, सगळं येतं. पण मांडव उभा राहतो तो धवलारणीच्या गळ्यावर. तांदूळ दळण्यापासून हळद उतरेपर्यंत तिने लग्नाची गाणी, म्हणजे धवले, म्हणायचे. देवांना बोलवायचं. मग त्या घरातल्या मेलेल्यांना एकेकाच्या नावाने, वडीलपणाच्या क्रमाने हाक मारायची. ते येऊन बसले, की लग्नाला सुरुवात.

त्र्याण्णव सालच्या वैशाखात एका ओहोटीला भागाबाय मांडीभर चिखलात निवट्या धरत होती. ऊन असं की वरचा चिखल पापडासारखा तडकलेला आणि आत पाय घातला तर थंडगार. तेवढ्यात बांधावर गुणाजी येऊन उभा राहिला. गुणाजी तिचा मोठा दीर. रेतीच्या होड्या त्याच्या, तिवरांतली हातभट्टी त्याची, गावात शब्दही त्याचाच. पांढऱ्या लेंग्याला चिखल लागू नये म्हणून तो लांबूनच बोलला.

"काय गो भागा, मिलतंय का कायतरी?"

भागाबायचा हात कोपरापर्यंत बिळात होता. तिने मान वर केली नाही. "मिलतंय."

"परवा कलाचा मांडव हाय."

"आयकलंय."

कला, म्हणजे कलावती, ही भागाबायची पोटची एकुलती एक पोर. तिच्या लग्नाची बातमी आईने ऐकलेली होती. दुसऱ्यांकडून, मासळी विकताना.

गुणाजीने मग आडून आडून सगळं सांगून टाकलं. शीळफाट्याकडची एक धवलारीण ठरवली होती, पण तिला त्याच दिवशी दुसरा मांडव पडला आणि ती तिकडे गेली. मग पोरांनी ठाण्याहून धवल्यांची कॅसेट आणली. टेपरेकॉर्डरवर लावली. बाईचा आवाज गोड होता, मागे पेटीही होती. सगळे खूश. पण म्हातारी सखुबाई, म्हणजे गुणाजीची आई आणि भागाबायची सासू, कॅसेट संपेपर्यंत ऐकत बसली आणि म्हणाली, हिला माझ्या दादल्याचं नाव ठाऊक आहे का? माझ्या सासऱ्याचं? मग ही कुणाला बोलावणार, कॅसेटवाल्याच्या बापाला? टेप बंद झाला. गावातल्या सगळ्या घरांतले मेलेले एकाच बाईला पाठ होते, आणि ती इथे चिखलात उभी होती.

"तू ये," गुणाजी म्हणाला. "जालं गेलं सोर."

"येन. पन पेला नाय घ्यायची."

गुणाजी हसला. मनापासून हसला. "मंग गला कशाने उघरल? खारीच्या पान्याने?" आणि उत्तराला न थांबता बांधावरून निघून गेला.

*

त्याचं हसणं गावाचंच होतं. धवलारणीला पहिला पेला देतात. त्यातली थोडी तिने भुईवर ओतायची, पितरांसाठी, आणि उरलेली एका दमात घ्यायची. मगच तोंड उघडायचं. कोरड्या गळ्याची हाक मेलेल्यांपर्यंत पोचत नाही, असं सगळे मानतात. भागाबायही मानायची. पंचाईत तिथेच होती. उभ्या जन्मात तिने कोरड्या गळ्याने एकसुद्धा धवला म्हटला नव्हता. बाहेर येईल की नाही, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

आणि एक पेल्यावर कधी भागतं? तांदूळ दळताना एक, देव बसवताना एक, हळदीला तर विचारूच नका. वैशाखात एका घरातून दुसऱ्या घरात तिला जवळजवळ उचलून नेत. प्रत्येक दारात पेला तयार. नको म्हटलं तर त्या घराचा अपमान. याला कुणी पिणं म्हणत नव्हतं, याला मान म्हणत. मग पाऊस लागला, लग्नं थांबली, की मान देणारे आपापल्या घरात आणि ही एकटी, थरथरत्या हातांची. तेव्हा ती भट्टीवर जाऊन मागायला लागली. त्या दिवसापासून गाव म्हणायला लागलं, भागाबाय पिते. हातही तोच, दारूही तीच, फक्त ती आता दाराशी आणून देत नव्हते.

मग गुणाजीच्या होडीवर रेती काढणाऱ्या गोविंदाच्या पुतण्याच्या मांडवात ते घडलं. दिवसभरातला तो तिसरा मांडव होता. देव झाले, मेलेले सुरू झाले, आणि डोळे मिटून नावं घेता घेता तिच्या तोंडून गोविंदाचं नाव गेलं. गोविंदा समोर उभा, हातात पानाचा विडा. जिवंत माणसाला तिने मेलेल्यांत बोलावलं होतं. बायकांनी तोंडावर पदर घेतले. गोविंदा स्वतः मात्र हसला, म्हणाला, चला, आमची जागा तरी राखून ठेवली. पुढे पावसाळ्याच्या तोंडावर तो सकाळीच पिऊन होडीवर गेला, रेतीची बालदी घेऊन खाडीत बुडी मारली आणि वर आला नाही.

तो कुठल्या भट्टीची पिऊन गेला होता, हे कुणी विचारलं नाही. भागाबायने खाल्ला, एवढंच ठरलं.

तिला मांडव बंद झाले. पंचांनी बसून आणखी एक ठरवलं, की अशा बाईजवळ पोर ठेवायची नाही. कला तेव्हा परकर-पोलक्यात होती. गुणाजीने तिला आपल्या घरी नेली. आता हे नीट ऐका. भागाबायचा नवरा दामाजी हाही रेतीवर बुड्या मारणारा आणि रोज पिणारा. थंड पाण्यात उतरणाऱ्याला लागतेच, असं सगळे म्हणत. पोर आईपासून नेली, आणि बाप रोज संध्याकाळी भावाच्या ओटीवर त्याच पोरीच्या शेजारी बसून पीत राहिला. तिने खारवलेले बोंबील भाजून आणायचे आणि त्याने ते चावायचे. त्याबद्दल पंचांना बसावं लागलं नाही.

आणि ज्या गुणाजीने पोर नेली, त्यानेच भागाबायला ट्यूबा दिल्या. पोटाला बांधून मुंब्र्याला पोचवायच्या. मजुरी त्याच ट्यूबमधून मिळायची. रिकाम्या पोटावर भरलेलं पोट बांधून ती कित्येकदा कलाच्या अंगावरून गेली. एकदा कलाने मैत्रिणीला विचारलं, आयसला परत पोर होणार का? मैत्रीण फिदीफिदी हसली. भागाबायने ते ऐकलं आणि तशीच पुढे गेली, कारण उभं राहिलं असतं तर ट्यूब हिंदकळली असती.

*

दारू सुटण्याची गोष्ट लोक फार सरळ सांगतात. एक दिवस डोळे उघडले आणि सुटली. तसं काही नव्हतं.

भागाबाय डोंबिवलीत दारोदार कोलंबी विकायची. तिथे तळमजल्यावर सुमती कारखानीस राहायच्या. नवरा, मधुकरराव, बँकेत. घरात पुस्तकांचं कपाट, दारात तुळस, मासळी बुधवारी आणि रविवारी. एका बुधवारी भागाबाय त्यांच्या पायरीवरच कोसळली. कोलंबी गटारात गेली. वरच्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत आल्या, नाकाला पदर लावला आणि आत गेल्या. सुमतीबाईंनी तिला काखेत धरून आत ओढली, न्हाणीघरात बसवली आणि डोक्यावर तांब्याने पाणी ओतलं. शुद्धीवर आल्यावर भागाबायने पहिली गोष्ट मागितली ती म्हणजे थोडीशी, काहीही, हात थांबत नाहीत म्हणून.

 सुमतीबाई स्वयंपाकघरात गेल्या, तांदळाच्या डब्यात हात घातला आणि बाटली काढली. वाटीत थोडं औषध ओतून हिला दिलं आणि उरलेलं हिच्यादेखत स्वतः तोंडाला लावून संपवलं.

"आमच्याकडे याला औषध म्हणतात," त्या म्हणाल्या.

भागाबायने वाटी चाटली. "गोर हाय," म्हणाली. "तुमचं बरं हाय, बाई. वास येत नाय."

दोघी न्हाणीच्या ओल्या फरशीवर बसून हसल्या. हसता हसता सुमतीबाई रडायला लागल्या आणि भागाबाय तशीच ओलेत्याने बसून राहिली. मग सुमतीबाईंनी कोपरीच्या शाळेचं सांगितलं. तिथे दर आठवड्याला पिणारी माणसं जमतात, आपलं आपण बोलतात आणि एकमेकांना धरून राहतात.

सुमतीबाई तिथे आधीपासून जात होत्या, पण मागच्या बाकावर बसायच्या आणि सांगायच्या, मी यजमानांसाठी येते. मधुकररावांनी आयुष्यात ताडीसुद्धा चाखली नव्हती. तिथे मात्र सगळे त्यांची चौकशी करायचे. रात्री मारझोड करतात का, नोकरी टिकली आहे का. सुमतीबाई खाली मान घालून उत्तरं द्यायच्या. ते पंधरा-वीस बेवडे दर आठवड्याला एका निर्व्यसनी बँक कारकुनासाठी डोळे मिटून प्रार्थना करत होते.

भागाबाय गेली त्या दिवशीही तसंच झालं. कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बैठक चालवायचे, स्वभावाने मऊ. त्यांनी तिला चहा दिला आणि विचारलं, "तुमचे मालक कुठे असतात? त्यांना घेऊन यायचं होतं."

"दादल्याचं नाय," भागाबाय म्हणाली. "मीच पितंय."

सगळ्यांचे चमचे थांबले. एक जण खुदकन हसला. दुसरा म्हणाला, बायकांनी असलं चारचौघांत सांगू नये. स्वतः तो बायकोचं मंगळसूत्र भट्टीवर ठेवून प्यायलेला, हे त्याने नुकतंच सांगून झालं होतं आणि त्याबद्दल सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. भागाबायने चहाचा कप खाली ठेवला. ती उठणार, एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"मधुकररावांबद्दल मी सांगितलं ते सगळं खोटं आहे. ते पीत नाहीत. मी पिते."

त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत. मऊ गृहस्थांनी दोघींना सुचवलं, तुम्ही बाहेर बसलात तर मोकळेपणाने बोलता येईल. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. दोघी बाहेर गेल्या आणि पोरांच्या पाणी प्यायच्या नळांपाशी कट्ट्यावर बसल्या. दर आठवड्याला तिथेच बसायला लागल्या. आतल्या बैठकीत चहा असायचा, यांच्या बैठकीत नळाचं पाणी. भागाबाय होळीला पुन्हा पिण्यावर घसरली. सुमतीबाई दिवाळीत नणंद आल्यावर घसरल्या. दोन्ही वेळा दुसरीने जाऊन उचललं, दोन्ही वेळा शिव्या घातल्या. भागाबायच्या शिव्या चांगल्या होत्या, सुमतीबाईंना त्या हळूहळू जमल्या. मग दिवस जायला लागले आणि पिणं झालं नाही. गावात कुणाच्या हे लक्षात आलं नाही. भागाबायने ट्यूबा बांधणं सोडलं तेव्हा गुणाजी म्हणाला, आजारी दिसते.

*

मांडवाच्या आदल्या दिवशी सकाळी सार्वजनिक नळावर कला भेटली. भेटली म्हणजे कला हंडा घेऊन उभी होती आणि आईला बघून गेली नाही, एवढंच.

"आये, तू येव नको," कला म्हणाली.

भागाबायने कळशी खाली ठेवली. "का?"

"मांडवात परशील. मंग मना जलमभर सासरी आयकावा लागंल."

"मी सोरली, कला."

"सगलेच सोरतान. बापूस दर सोमवारी सोरतंय." कलाचा आवाज चढला नव्हता, ते जास्त लागलं. "पिऊन आलीस तं परशील. नाय पिऊन आलीस तं धवला येनार नाय. मंग येतंस कशाला?"

 हंडा भरून वाहायला लागला तरी कलाने नळ बंद केला नाही. भागाबायने तो केला, आणि दोघी दोन दिशांना गेल्या. त्या दिवशी खाजणातल्या बांधावर, आजूबाजूला माणूस नाही असं बघून, भागाबायने एक धवला म्हणून बघायचा प्रयत्न केला. तोंड उघडलं. बगळे उडाले. आवाज आला नाही. तिने खाडीला, बगळ्यांना, गुणाजीला आणि स्वतःला मोठ्याने शिव्या दिल्या. त्या मात्र खणखणीत आल्या.

*

मांडव गुणाजीच्या दारात. झावळ्या नुकत्याच घातलेल्या, तरी दुपारचं ऊन त्यांतून खाली गळत होतं. शेणाने सारवलेल्या भुईवर पाट, पाटावर कला, मान खाली. भोवती बायका दाटून बसलेल्या, अंगाला घामाचा आणि मोगऱ्याचा वास. दामाजी मांडवाच्या खांबाला टेकून होता; नवरीचा बाप म्हणून त्याला सकाळपासून मान मिळत होता आणि त्याच्याने आता नीट उभंही राहवत नव्हतं. येणारा-जाणारा त्याच्या खांद्यावर थोपटून जाई. पोर सासरी चाललीय, बापाचं काळीज, वगैरे.

भागाबाय आली, सासूच्या पाया पडली आणि पाटासमोर उभी राहिली. कलाने वर बघितलं नाही.

सखुबाईने पेला भरला. पितळेचा, काठोकाठ. गुणाजीने तो घेऊन पुढे धरला. भागाबायने रिवाजाप्रमाणे थोडी भुईवर ओतली आणि पेला परत त्याच्याकडे केला.

"मी नाय घेत."

सुरुवातीला सगळ्यांनी गोडीने घेतलं. कुणी म्हणे, एक पेला काय करतो. कुणी म्हणे, ही काय दारू आहे, हे देवाचं. कुणी म्हणे, आजचा दिवस, पोरीच्या सुखासाठी. मग भागाबायने खरं सांगितलं. हळू, स्पष्ट सांगितलं, कट्ट्यावर सुमतीबाईंना सांगायची तसं. "मना ती सोसत नाय. एक घेतली तं मी थांबनार नाय. मरन."

"थांबू नको ना मंग," मागून एक जण म्हणाली, "पिपं भरलेली हायेत." बायका हसल्या. सखुबाईसुद्धा हसली.

गुणाजी हसला नाही. त्याने पेला पुन्हा तिच्या तोंडापाशी आणला. "पोरीचा मांडव मोरतंस का?"

वास नाकात शिरला. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला सांगा, सुटलंच. जीभ सुजल्यासारखी झाली आणि हात आपोआप वर आले. समोर पाटावर कलाची मान, तिच्यावरचा बारीक केसांचा भोवरा. आणि त्या भोवऱ्याकडे बघता बघता भागाबायच्या पोटातून असा राग वर आला, की तोंडचं पाणीच आटलं. हीच माणसं. भरणारी हीच, हसणारी हीच, पोर ओढून नेणारी हीच. ज्याच्या भट्टीने गोविंदा बुडाला तोच पेला धरून उभा, आणि मांडव मोडल्याचं पाप हिच्या डोक्यावर.

तिने पेला घेतला. कलाचे खांदे आवळले गेले.

"बरं," भागाबाय म्हणाली. "घेतंय. मागल्या येलेला असाच पेला पिऊन मी उभी रायली आनि गोविंदाला मेलेल्यांत बोलावला. तुमीच सांगतंव ना, मी खाल्ला त्याला? आज परत पितंय. कोनाचं नाव येल, मना ठावं नाय." ती गुणाजीकडे वळली. "भावजी, तुमी म्होरंच हाव. मंग नका बोलू, सांगितलं नाय."

हसणं जागच्या जागी थांबलं. एका बाईने मांडीवरचं पोर पदराखाली घेतलं. पुढे उभे होते ते नकळत मागे सरकले, आणि मागे सरकायला गुणाजीच्या मागे जागा नव्हती. त्याच्या कपाळावर घाम फुटलेला. त्याने स्वतःच्या हाताने, विंचू उचलावा तसा तो पेला भागाबायच्या हातातून काढून घेतला. मग त्या पेल्याचं काय करायचं, हे त्याला सुचेना. दामाजीने खांबावरून हात पुढे केला, पेला घेतला आणि पिऊन टाकला. त्याला कुणी काही म्हटलं नाही.

भागाबायला जिंकल्यासारखं वाटलं नाही. गोविंदाला मी खाल्लं नाही, हे ती वर्षानुवर्षं दारोदार ओरडून सांगत आली होती. खरं सांगून पेला टळला नव्हता. ज्या खोट्याने तिचं घर मोडलं, ते तिला आज स्वतःच्या तोंडाने कबूल करावं लागलं, तेव्हा कुठे तिला न पिण्याची परवानगी मिळाली.

तिने डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी तोंड उघडलं.

पहिली ओळ फाटली. लाकडावरून करवत ओढावी तसा आवाज. दुसरी थोडी बरी. देव आले, कारण देवांची ओळ लहान असते. मग मेलेले. "मांडवाच्या दारी उभे का, आत या, भिवाजी या." भिवाजी, सखुबाईचा सासरा. "गोमाजी या." गोमाजी, सखुबाईचा दादला. "दगडाबाई या." आणि पुढे खड्डा. पूर्वी नावं आपोआप वाहत यायची, तिला शोधावी लागत नसत. आता एकेक नाव चिखलात हात घालून काढावं लागत होतं, आणि या बिळात हाताला काही लागत नव्हतं. दगडाबाईनंतर कोण? पदराखाली कुजबुज सुरू झाली. दाराशी उभ्या पोरांपैकी कुणीतरी टेपरेकॉर्डरचं झाकण उघडल्याचा खटका झाला.

नवरीने मांडवात बोलायचं नसतं. मान वर करायची नसते, हुं की चूं करायचं नसतं.

"आयतू आजा," कला म्हणाली. मान खालीच, चाल नाही, सूर नाही, वाण्याला जिन्नस सांगावा तसं. आईच्या मांडीवर असताना मांडवांतून ऐकलेला क्रम तिला पाठ होता. "मंग रखमा. मंग नाखवा चुलता."

 भागाबायने आयतूला बोलावलं. रखमाला बोलावलं. पुढे आणखी एकदा अडली, तेव्हा कलाने आणखी एक नाव पाटाच्या लाकडाला सांगितल्यासारखं सांगितलं. अशा रीतीने त्या घरातले सगळे मेलेले, अडखळत, खरखरत, एकामागोमाग एक येऊन बसले. जिवंत माणसाचं एकही नाव गेलं नाही.

धवला संपला. बायका आपसांत बोलायला लागल्या, की पहिल्यासारखा गळा नाही राहिला भागाबायचा. पूर्वी कसं अंगावर काटा यायचा. त्यांचं खरं होतं. आवाज पहिल्यासारखा नव्हता, आणि पुन्हा तसा कधी झालाही नाही.

पेले फिरायला लागले तशी भागाबाय पदर खोचून निघाली. पाटावरून आवाज आला.

"हलद लागंपर्यंत थांब."

भागाबाय वळली. कला अजूनही भुईकडेच बघत होती.

"उन्हाने तोंड सुकलंय तुजं," कला म्हणाली, आणि शेजारच्या पोरीला सांगून तिने आयससाठी तांब्याभर पाणी मागवलं. भागाबाय पाटाला लागून भुईवर बसली आणि सगळा तांब्या प्यायली.

चंद्रभागेला पहिला पेला, गळा उघडावा म्हणून, तिच्या आयसने पाजला होता. तेव्हा तिचे दुधाचे दात पुरते पडले नव्हते.